डाग कसा पडला?

दूध करपून पातेल्याचा तळ काळा झाला होता, धूर जिन्यापर्यंत पोचला होता... आणि ताई त्याच शेगडीकडे पाठ करून शांतपणे कपबशा पुसत उभी होती! धावत आलेल्या भावजयीने गॅस बंद केला, पातेलं नळाखाली धरलं, आणि मग ती ताईच्या तोंडाकडे अशी काही बघत राहिली की ताईच्या काळजात चर्र झालं. विचारात होते गं, असं काहीतरी पुटपुटून ती खाली दुकानात निघून गेली.

विचार कसले आलेत कपाळाचे! त्या घरात दूध करपलं तर ते सगळ्यांच्या आधी ताईलाच कळायला हवं होतं. कपड्यांवरचे डाग काढून देण्याचं ते दुकान तिच्या नाकावर उभं होतं. कापड नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, हा चहा नाही, औषध आहे. लोक तोंडात बोटं घालायचे. आई आधीच गेलेली. वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ सात. वडिलांमागे राहिलेल्या त्या दोन खोल्यांच्या दुकानातून तिने धाकट्याला वाढवलं, शिकवलं, त्याला बोहल्यावर चढवलं. स्वतःच्या लग्नाचं तेवढं राहूनच गेलं, पण धाकट्याचं हसू पाहिलं की तिला त्याची आठवणसुद्धा होत नसे.

आणि ते नाक तीन वर्षांपूर्वी गेलं होतं! हळूहळू, कुणाला न कळता. इतकी वर्षं रसायनांच्या वाफेत काढलीत, आता वास परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ताईने चिठ्ठी फाडून टाकली आणि घरी येऊन भाजी चिरायला घेतली. धाकट्याला हे कळता कामा नये, एवढंच तिने ठरवलं. कळलं तर तो हळव्या मनाचा पोरगा जन्मभर स्वतःला खात बसला असता. तेव्हापासून ती कापड नाकाशी धरायची ते नुसतं सोंग होतं; त्याआधी गिऱ्हाइकाला बोलतं करून ती डागाची सगळी हकीकत काढून घ्यायची, आणि मग डोळे मिटायची.

सोंग निभलंही असतं. पण नेमके आत्ताच धाकट्याला पंख फुटले होते. दुकानाची फ्रँचायझी काढायची, म्हणजे पाच गावांत पाच जणांनी आपलं नाव लावून आपल्या पद्धतीने हेच काम करायचं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. दोन वर्षं त्याने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. त्याच्या सल्लागाराने एक पाटीही काढून आणली होती, तिच्यावर भलंमोठं नाक. ते पाहून भावजय म्हणाली, हे वन्संचं नाही, माझ्या मामांचं दिसतंय. सगळे पोट धरून हसले. ताईही हसली... आणि आत, मोरीत जाऊन तिने डोळ्यांवर पाणी मारलं.

शनिवारी असं नाव घेऊ पाहणारे पाच जण दुकान बघायला येणार होते. धाकट्याने बेत असा आखला की आठ पांढऱ्या कापडांवर आठ डाग पाडायचे, त्यांना नुसते आकडे घालायचे, आणि ताईने सगळ्यांसमोर एकेक ओळखून दाखवायचा. हकीकत सांगणारं गिऱ्हाईक नाही, विचारायला कुणी नाही! ताई म्हणाली, मला जमायचं नाही. त्याने विनवलं, लाडीगोडी लावली, लहानपणच्या शपथा घातल्या. ती नाहीच म्हणत राहिली. तेव्हा त्याचा तोल गेला.

"खरं सांगू ताई? दुकान तुझंच राहावं असं वाटतं तुला. मी मोठा झालेला बघवत नाही."

ते शब्द तिच्या अंतःकरणात काट्यासारखे रुतले. उत्तर तिच्या ओठांवर होतं, तिने ते मागे परतवलं. तो आपल्याला मत्सरी समजेल, समजू दे... पण खरं कळून त्याचं मन पोखरलं जायला नको. ती खाली मान घालून म्हणाली, तसंच समज.

शनिवारी ती वरच बसून राहिली. खालून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, धाकट्याचं मोठ्याने बोलणं आलं. थोड्या वेळाने भावजय वर आली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. ताईऐवजी तो स्वतःच डाग ओळखायला उभा राहिला होता. कापडं बायकोकडून तयार करून घेतली होती, त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं कशावर काय आहे, आणि लागोपाठ तीन चुकले होते. एकजण घड्याळ बघत होता.

मग भावजय हलकेच म्हणाली, "वन्सं, तुम्हाला वास येत नाही ना?"

ताईने दचकून वर पाहिलं.

"दूध करपलं त्या दिवशीच मला कळलं. त्यांना मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं."

ताईला रडू आवरेना. इतके दिवस एकटीने वाहिलेलं ओझं कुणीतरी न सांगता दुसऱ्या बाजूने धरलं होतं! भावजयीने तिचे डोळे पुसले, केस सारखे केले, आणि दोघी जिना उतरल्या.

धाकटा घामाघूम होऊन चौथं कापड नाकाशी धरून उभा होता. ताईला पाहताच त्याच्या चेहऱ्यावर आशा उमटली, आणि ती पाहून तिला अधिकच भरून आलं. कापड त्याच्या हातून काढून घेऊन तिने टेबलावर ठेवलं.

"हे मला ओळखता यायचं नाही," ती त्या पाच जणांना म्हणाली. "मला तीन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही."

पाटीवरचं ते नाक सगळ्यांच्या डोक्यावर तसंच चमकत होतं. पाच जणांत कापडदुकान चालवणारी एक उंच बाई होत्या, त्यांनी भुवया उंचावून विचारलं, मग तीन वर्षं डाग निघतायत ते कसे? ताई म्हणाली, विचारून. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी आपला पांढरा कोट काढून पुढे केला. खांद्यावर पिवळट तपकिरी ठिपका होता. कॉफी सांडली आहे, त्या म्हणाल्या.

डाग खरंच कॉफीचा आहे का, हे ताईने विचारलंच नाही. कोट शेवटचा कधी घातला होता, तेव्हा कुठे निघाला होतात, हातात काय होतं, घरी आल्यावर आधी काय केलंत, असं ती गप्पा मारल्यासारखी विचारत गेली. नातवाला कडेवर घेऊन दवाखान्यात गेले होते, बाई सांगू लागल्या. कोट धुतला तेव्हा काही दिसलं नव्हतं. मग इस्त्री केली...

"डाग इस्त्रीनंतर उमटला?"

"हो की."

"नातवाला काय पाजलं होतं?"

बाई आठवू लागल्या आणि एकदम हसल्या. सफरचंदाचा रस.

रसातली साखर सुकली की दिसत नाही, गरम इस्त्री फिरली की जळून वर येते, ताईने सांगितलं. साबण लावू नका, तो बसून जाईल. तिने साधं पाणी आणि थोडं व्हिनेगर घेऊन कापड टिपायला सुरुवात केली. टिपता टिपता ती बोलत होती. लोक डागाबद्दल पहिलं उत्तर खरं देत नाहीत, कुणी लाजेने, कुणी विसरून. म्हणून डागाचं विचारायचं नाही, त्या दिवसाचं विचारायचं. अर्ध्या तासात ठिपका फिका होत होत नाहीसा झाला.

उंच बाई कोटाकडे बघत म्हणाल्या, "नाक आम्ही कुठून आणलं असतं? हे मात्र शिकता येईल."

करार त्याच दिवशी ठरले. शिकायला येणारा प्रत्येक जण महिनाभर ताईच्या शेजारी बसणार होता. पाहुण्यांना निरोप देऊन धाकटा परत आला, पण त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर तो तिच्यासमोर बसला.

"कशाने गेलं, ताई?"

"वयाने."

"पहिलं उत्तर खरं नसतं, आत्ताच शिकवलंस."

ताईला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. वारा यायचा तो पुढच्या खोलीच्या दारातून, आणि पुढच्या खोलीत सात वर्षांचा धाकटा अभ्यासाला बसायचा. रसायनांच्या वासाने त्याला उलट्या व्हायच्या. म्हणून ती आत जाऊन दार लावून घ्यायची, फटीत ओलं फडकं कोंबायची आणि काम करायची... वर्षानुवर्षं.

"दार उघडायचं होतंस," तो कसाबसा म्हणाला.

"दाराला कान लावला की तुझे पाढे ऐकू यायचे मला. बास होतं तेवढं."

धाकट्याने टेबलावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. मी तुला नाही नाही ते बोललो, माझं चुकलं, म्हणाला. हो, बोललास आणि मला फार लागलं, ताई म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भावजय मधल्या दारात उभी राहून पदर डोळ्यांना लावत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने फ्रँचायझीच्या नियमांच्या पुस्तिकेत सर्वांत वर एक नियम घातला: मागच्या खोलीला खिडकी नसेल तिथे आपलं नाव मिळणार नाही. सल्लागाराने कपाळावर हात मारला. पाचांतल्या दोघांच्या जागांना खिडक्या नव्हत्या, आणि त्यातली एक जागा सगळ्यांत मोठी, भर बाजारातली होती. ताई कासावीस झाली. तिने पुस्तिका ओढून घेतली, माझ्यापायी एवढं हातचं घालवू नकोस, झालं गेलं ते झालं, म्हणून त्याला परोपरीने सांगितलं.

"तुझ्यापायी नाही गं," धाकटा म्हणाला. "तिथेही मागच्या खोलीत कुणाची तरी ताईच बसणार आहे."

ताईने पुस्तिका त्याच्यासमोर परत ठेवली आणि पुढचं पान उलटून दिलं.