नेटाचे न उघडलेले अंक

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या घरात घडली, माझ्या नवऱ्याच्या बाबतीत घडली, आणि अजून संपलेली नाही. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. खरं सांगून काही मिळालं तर बघावं, म्हणून लिहितेय.

असलं काही घडतं ते मध्यरात्री, असं सगळे समजतात.

आमच्याकडे ते दुपारी चारला आलं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर २००९. गाव आर्ब्रोथ, स्कॉटलंडचा पूर्व किनारा. बंदराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. नोव्हेंबरात इथे चारलाच दिवे लावावे लागतात.

मी सेंगा लॉरिमर. माझा नवरा वॉटी तेव्हा अठ्ठावन्नचा होता. डंडीची बस चालवायचा, आणि उरलेल्या वेळात लहान मुलांची जुनी विनोदी कॉमिक्स जमवायचा. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढलेल्या.

"साठीला आलास आणि पोरांची पुस्तकं वाचतोस," मी टोमणा मारायची.

"पोरांसाठी काढलीत, पण काढलीत मोठ्या माणसांनी," तो भिंग पुढे करायचा. "हे बघ. हेडमास्तर प्रूनच्या डोक्यावर केक पडतोय, ते सगळ्यांना दिसतं. कोपऱ्यात बघ. छत्री घेतलेली गोगलगाय. गोष्टीशी काही संबंध नाही. दर आठवड्याला कुठेतरी लपवलेली असते. एका फटकाऱ्यात काढलीय बघ पाठ."

मी कधी नीट बघितलं नाही. कुस्करलेल्या बटाट्याच्या ढिगाऱ्यात खोचलेली सॉसेजेस आणि धावणारी पोरं, एवढंच मला दिसायचं. वॉटी मात्र एकटा बसून खो खो हसायचा. स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

त्या आठवड्यात त्याला घबाड मिळालं होतं. मॉन्ट्रोजला बीटीबाई नावाची म्हातारी वारली. तिची भाची उना घर रिकामं करत होती. माळ्यावर 'गिगलपॉट' या साप्ताहिकाचे गठ्ठे निघाले. १९५७ पासून १९६६ पर्यंत, एकही अंक न चुकता.

प्रत्येक अंकावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं: नेटा बी. पेपरवाला असं लिहायचा, म्हणजे कोणाचा अंक कोणाकडे जायचा ते कळावं.

पहिली साडेतीन वर्षं वाचून मऊ झालेली. पानांना जॅमचे डाग.

पण फेब्रुवारी १९६१ पासून पुढचे...

एकही उघडलेला नव्हता.

दोनशे ऐंशी अंक. घडी जशीच्या तशी. वॉटीने एक हलकेच उचलून मला दाखवला. "सेंगा, असं कुणालाच मिळत नाही. बघ, यात फुकटची भेटसुद्धा आहे अजून." तपकिरी कागदाची त्रिकोणी घडी पानांतून डोकावत होती. आम्ही लहानपणी त्याला फटाकडी म्हणायचो. हात झटकला की आतला कागद फुगून बाहेर येतो आणि फट्ट आवाज होतो.

"उघडून बघ की," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? न उघडलेलाच तर जपायचा." त्याने सगळे पिशव्यांत भरले आणि चिकटपट्टीने बंद केले.

गुरुवारी चारला मी चहा टाकत होते. वॉटी माझ्यासमोरच बसला होता.

मागच्या खोलीतून आवाज आला...

फट्ट.

आम्ही दोघं गेलो. खोलीत कोणी नव्हतं. पिशवी बंद. चिकटपट्टी तशीच. आतला अंक घडीतच.

पण डोकावणाऱ्या फटाकडीचा कागद बाहेर आलेला होता. मधोमध फाटलेला.

वॉटी म्हणाला, "जुना कागद. हवा बदलली असेल."

मीही मान हलवली. मला तसंच वाटायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी चारला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लाकडी खुर्ची फरशीवर ओढली की येतो तसा. वॉटीची खुर्ची भिंतीशी असायची. आता टेबलाला अगदी चिकटून होती. आणि खोलीत... 

कुणीतरी नाकाने श्वास घेत होतं. सर्दी झालेलं मूल घेतं तसा. शांतपणे. वाट बघितल्यासारखा.

मी दिवा लावला. श्वास थांबला.

त्या रविवारी माझ्या लक्षात आलं की घरात काहीतरी कमी आहे. काय ते कळायला मला संध्याकाळ झाली.

वॉटी हसला नव्हता.

मी जाऊन पाहिलं. तो भिंग धरून बसला होता. समोर बीटीबाईंच्या वाचलेल्या अंकांतला एक उघडा.

"सेंगा, इथे काय दिसतंय तुला?"

"प्रून मास्तर. छडी. दोन पोरं."

"मला चौकटी दिसतायत," तो म्हणाला. "नुसत्या चौकटी. आत पांढरं."

चित्रं गेली ती आधी बीटीबाईंच्या वाचलेल्या अंकांतली. मग फळीवरच्या बाकीच्यांतली. अक्षरं दिसायची, रेघा दिसायच्या, चित्रं नाहीत. डंडीला डोळे तपासून घेतले. दोनदा. डॉक्टर म्हणाले, बुबुळं उत्तम, बस चालवायला हरकत नाही.

डिसेंबरात भिंतीवरचे फोटो गेले. आमच्या लग्नाचा फोटो हातात घेऊन तो उभा होता. "चौकट रिकामी का ठेवलीस?" त्याने विचारलं.

मी तो गठ्ठाच घराबाहेर काढायचं ठरवलं. वॉटीचा तीस वर्षांचा मित्र डॉड स्वँकी हाही जमवणारा. त्याने आनंदाने नेला. चौथ्या दिवशी तो गठ्ठा घेऊन दारात उभा. आत यायला तयार नाही.

"काय झालं, डॉड?"

"काही नाही. घे."

"डॉड."

त्याने गठ्ठा उंबऱ्यावर ठेवला. "नातीचा फोटो आहे ना शेकोटीवर. काल तिथे चेहरा नव्हता. तू ठेव हे, सेंगा. मी वाईट माणूस नाही, पण तू ठेव."

त्याच्या नातीचा फोटो दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाला. आमच्याकडे मात्र वाढतच गेलं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमची मुलगी लोर्ना ॲबर्डीनहून आली. वॉटीने दार उघडलं. अनोळखी माणसाकडे बघतो तसं बघितलं, आणि सभ्यपणे विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

ती हसली. तिला वाटलं चेष्टा करतोय.

मग तिच्या लक्षात आलं. "बाबा, मी लोर्ना," ती म्हणाली.

"आवाज तुझाच आहे, पोरी," तो म्हणत होता. "केस तुझे आहेत. मधे काही नाही. मधे नुसतं पांढरं आहे."

त्याने बस सोडली. थांब्यावर हात करणारी माणसं त्याला बिनचेहऱ्याची दिसायची. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या गालावर हात ठेवला आणि बराच वेळ चाचपत राहिला. मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॉन्ट्रोजला उनाकडे गेले.

उनाने चहा ओतला. नेटा म्हणजे कोण, हे विचारल्यावर तिचा हात थांबला.

"मावशीची मुलगी. एकुलती एक. गोवराने तिचे डोळे गेले, पाचव्या वर्षी."

"डोळे गेले? मग कॉमिक..."

"मावशी वाचून दाखवायची ना. दर गुरुवारी, शाळा सुटली की. नुसतं वाचून नाही, प्रत्येक चित्र सांगायची. कोण कुठे पडलं, कोणाची चड्डी फाटली. नेटा नाकातल्या नाकात हसायची. नववं वर्ष लागलं आणि न्यूमोनियाने गेली. फेब्रुवारी महिना होता."

"आणि अंक?"

"मावशीने पेपरवाल्याला बंद कर म्हणून सांगितलंच नाही. तो बिचारा नाव लिहून टाकत राहिला. कॉमिक बंद पडेपर्यंत. मावशीने उघडला एकही नाही. म्हणायची, उघडला तर वाचावा लागेल, आणि वाचला तर ती येईल."

मी कप खाली ठेवला.

"उना, तुझ्या मावशीला शेवटी... माणसं ओळखू यायची का?"

उना खिडकीकडे बघत म्हणाली, "चाळीसहून जास्त वर्षं तिने कोणाचा चेहरा पाहिला नाही. आम्ही आवाज देऊन आत जायचो. आम्हाला वाटायचं, दुःखाने झालंय."

गुरुवार, १४ जानेवारी. चारला पाच मिनिटं कमी होती. वॉटीला मी टेबलाशी बसवलं. दुसरी खुर्ची ओढून ठेवली. फेब्रुवारी १९६१ चा पहिला अंक पिशवीतून काढला आणि घडी मोडली. वॉटीच्या तोंडून हुंकार निघाला. न उघडलेलं जपायची एवढ्या वर्षांची सवय.

मी वाचायला लागले. पोरं हे बोलली, मास्तर ते बोलला. बातम्या वाचाव्यात तसं. मला येतच नव्हतं. खोली गार पडत गेली. शेजारच्या खुर्चीतून तो श्वास ऐकू यायला लागला... 

जवळ. माझ्या कोपराजवळ.

मला रडू फुटलं. "मला जमत नाही," मी म्हटलं. कोणाला म्हटलं ते ठाऊक नाही.

वॉटी हळूच म्हणाला, "कोपऱ्यात बघ, सेंगा. लपवलेलं काय आहे ते सांग."

मी डोळे पुसले. बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं.

"मास्तरांच्या टोपलीत... गोगलगाय आहे. तिने अंघोळीची टोपी घातलीय. आणि मास्तर त्याच टोपलीत बसायला निघालेत. वाकलेत. विजारीची शिवण उसवलीय, आणि त्यांना पत्ता नाही."

शेजारून आवाज आला.

नाकातल्या नाकात. अगदी लहान. हसण्याचा.

पण मी थांबले नाही. शेवटच्या चौकटीपर्यंत सांगितलं. संपलं तेव्हा शेजारी श्वास नव्हता.

वॉटी माझ्याकडे बघत होता. माझ्या डोळ्यांत.

"किती रडलीयेस," तो म्हणाला. "नाक लाल झालंय."

तेव्हापासून दर गुरुवारी एक. एका दिवशी दोन वाचून बघितले, दुसऱ्याला कोणी हसलं नाही. आधी वाचलेला परत वाचला, दुसरं कुठलं कॉमिक वाचलं, उपयोग नाही. पुढचाच अंक लागतो. बुधवारपासून वॉटीला चेहरे फिकट व्हायला लागतात. गुरुवारी दुपारपर्यंत माझाच चेहरा उरतो, तोही पुसट. पाचला सगळं परत येतं.

एकदाच चुकलं. २०१२ साली माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि गुरुवार हॉस्पिटलात गेला. लोर्ना वाचते म्हणाली, पण त्या खोलीत तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने अंक मिटला आणि बाहेर आली.

मी घरी येऊन पुन्हा सुरू केलं. वॉटीला सगळे दिसायला लागले.

लोर्ना सोडून. तिचा चेहरा त्याला अजून दिसत नाही. आता ती येते तेव्हा त्याच्या शेजारी बसते, समोर बसत नाही.

खोटं कशाला बोलू, मला त्या गुरुवारांची गोडी लागली होती. पाच वर्षं आणि चार महिने. मी चांगली सांगायला लागले होते. प्रून मास्तरांचा आवाज काढायचे. वॉटी हसायचा, आणि ती हसायची. कधी कधी मला वाटायचं, उरलेले अंक मोजू नयेत.

गेल्या गुरुवारी शेवटचा वाचला.

त्याच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत होतं, वाचकांसाठी आनंदाची बातमी, आत बघा. मी उघडलं. आत लिहिलं होतं की पुढच्या आठवड्यापासून 'गिगलपॉट' बंद होऊन 'बम्बल' या साप्ताहिकात सामील होतंय. प्रून मास्तर आता तिथे भेटतील. पेपरवाल्याला आजच सांगून ठेवा.

मी ते मोठ्याने वाचलं. न वाचून चाललं नसतं.

खुर्चीतून हसू आलं नाही. मग श्वास आला. पहिल्या दिवशी होता तसा.

आणि या वेळी तो पाचला थांबला नाही. अंधार पडेपर्यंत चालू होता.

डॉडने सगळीकडे विचारलं. जमवणाऱ्यांपैकी कोणाकडेच 'बम्बल' नाही. फालतू निघायचं, कोणी ठेवलं नाही म्हणतात. एका मोठ्या ग्रंथालयाला पत्र टाकलंय. शोधून कळवतो म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही.

म्हणून लिहितेय. १९६६ च्या जूनपासूनचे 'बम्बल'. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत, कुठे असतील तर. फाटके चालतील. मुखपृष्ठ नसेल तरी चालेल. डाग पडलेले, कापलेले, पोरांनी रंगवलेले, कसेही. नुसते फोटो काढून पाठवले तरी मी वाचेन. पहिला सापडला की दुसरा शोधायला आठवडा मिळेल.

आज गुरुवार आहे. पावणेचार झालेत.

वॉटी सकाळपासून माझ्यासमोर बसलाय. चहा गार झाला तरी उठला नाही. पेपर दिला, बाजूला ठेवला. टक लावून माझ्याकडे बघतोय, कपाळापासून हनुवटीपर्यंत, परत कपाळापासून.

मी म्हटलं, "काय रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "दिसतंय तोवर बघून ठेवतो."