बाजूला आहे

"ताई, चिमी तुमच्याकडे आहे का?"

दुकानाच्या पुढच्या भागातून भावजयीने विचारले आणि बॉयलरच्या चक्रावर ठेवलेला ताईचा हात जागच्या जागी गोठला... चिमी तिच्याकडे कशी असणार? आत्याच्या मांडीवर त्या लेकराला आजवर कोणी बसू दिले होते?

लॉन्ड्रीच्या बॉयलरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. आपोआप उघडणारी झडप अडकून बसलेली, बर्नर बंद केला तरी काटा खाली यायचे नाव घेईना. आता हाताने चक्र फिरवून मागच्या बोळात वाफ सोडायची, एवढाच उपाय उरला होता.

"अगं, सोड ना! फुटेल तो!" भाऊ घामाने निथळत ओरडला. "चिमी असेल तिथंच पुढे, गठ्ठ्यांत लपली असेल."

वडिलांनी घालून दिलेला नियम होता. चक्र फिरवणाऱ्याने आधी हाक द्यायची, "वाफ सोडतेय," आणि बोळ बघायला गेलेल्याकडून "बाजूला आहे" असा जबाब आल्याशिवाय बोटही हलवायचे नाही. एकदाच तो नियम मोडला होता, चिमीच्या जन्माआधी. भावाने हाक न देता चक्र फिरवले आणि बोळात उभ्या असलेल्या त्याच्या नव्या नवरीचा हात कोपरापर्यंत भाजला. "ताई, ती मला सोडून जाईल गं," म्हणून तो पायाशी कोसळला तेव्हा आईविना वाढवलेल्या त्या भावासाठी ताईने दोष आपल्या पदरात घेतला. चक्र मीच फिरवलं, असे सांगून टाकले. त्यानंतर भावजयीचे अबोलपण, ती दुखावलेली नजर, सारे तिने मुकाट सोसले... कधी ब्र काढला नाही!

खरे काय ते प्रभूला ठाऊक होते. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून ती त्याच्यापाशी मन मोकळे करी, आणि तेवढ्यावर पुढचा आठवडा निघे. त्या अपघातापासून वाफेची नुसती सळसळ ऐकली तरी तिची पाचावर धारण बसायची. रोज सकाळी थोडी वाफ सोडायला चक्राला हात लावण्याआधी ती पुटपुटे, "प्रभू, जवळ राहा." मग हात थोडा स्थिर होई.

आज तेही जमेना. छाती आवळून आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. सांध्यातून वाफेची शीळ चढत होती. 'प्रभू, मला फार भीती वाटतेय... तू आहेस ना रे?' तिने डोळे मिटले. भीती तशीच होती. पण एखाद्या मोठ्या माणसाने पाठीवर हात ठेवावा तसे काहीसे वाटले, आणि अडकलेला श्वास सुटला.

"वाफ सोडतेय!" तिने हाक दिली.

बोळातून, चादरींच्या गठ्ठ्यामागून, बोबडा जबाब आला, "बाजूला आहे!"

रोज दाराआडून ऐकून पोरीने तो पाठ केला होता, आणि बसली होती नेमकी वाफेच्या नळाच्या तोंडाशी!

भाऊ मटकन खाली बसला. ताई धावली. हिसहिसणाऱ्या नळाखालून वाकून तिने चिमीला उचलले, पदरात गुंडाळून बाहेर आणले, दाराशी आलेल्या भावजयीच्या हातांत दिले आणि परत येऊन चक्र फिरवले. बोळ पांढऱ्या वाफेने भरून गेला... काटा हळूहळू खाली आला.

"मी सोडली असती," भाऊ हुंदके देत बायकोला म्हणाला. "आत्ताही जबाब न ऐकता सोडली असती... तेव्हासारखीच. तुझा हात मी भाजला होता गं. ताईनं नाही."

भावजयीने नवऱ्याकडे पाठ फिरवली. मग तिने विचारले, "ताई, एवढे दिवस कसं सोसलंत हो? कुणाला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगत होते गं," ताई डोळे पुसत म्हणाली. "दर रविवारी."

भावजयीला रडू फुटले. भाऊ कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याच्याशी ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

झडप दुरुस्त झाली त्या सकाळी ताई चक्रापाशी गेली, तिने मनातल्या मनात प्रभूला हाक मारली, आणि मग मोठ्याने म्हणाली, "वाफ सोडतेय."

भावजय चिमीला कडेवर घेऊन आली. लेक तिने आत्याच्या मोकळ्या हातावर दिली, आपला भाजलेला हात ताईच्या चक्रावरच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "सोडा ताई. आम्ही दोघी तुमच्या बाजूला आहोत."