छप्पन्न किलोंची स्की

"अगं आई गं!"

जेद्दाच्या मॉलमध्ये हे शब्द कानावर आले, तेव्हा डॉक्टर विभा दचकलीच. तिथं माणूस दिवसभरात अरबी, उर्दू, मल्याळम, असं सगळं ऐकतो; पण इतकं पोटातून आलेलं मराठी...? कुणाच्या तरी पायावर काहीतरी जड पडलं असावं, असं समजून ती आधी आजूबाजूच्या लोकांचे पाय बघू लागली.

पाय सगळे शाबूत होते. ओरडणारा माणूस तिशी ओलांडलेला, बाह्या दुमडलेला, हातात सायकलची ट्यूब धरून उभा होता, आणि तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. तो बघत होता काउंटरवर आडव्या निजवलेल्या तिच्या स्कीकडे, आणि त्या स्कीवर ड्रिल रोखलेल्या सेल्समनकडे.

"भैया, ये तो दीवार का ड्रिल है!"

"सब का यही है," सेल्समन शांतपणे म्हणाला. "पाँच मिनट का काम है."

"तुम्ही मराठी?" विभानं विचारलं.

"ओरडताना," तो म्हणाला. मग पहिल्यांदा तिच्याकडे वळून — "तुम्हाला या स्कीवर घड्याळ टांगायचंय का?"

"नाही."

"मग उचला तिला."

का कोण जाणे, तिनं उचलली.

विभा ताइफच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. हिवाळ्यात तिथली डॉक्टरमंडळी बर्फासाठी जॉर्जियाला जायची होती, आणि कायमची घरी परत चाललेली एक ऑस्ट्रियन डॉक्टरीण आपल्या स्की विभाच्या गळ्यात घालून गेली होती. अडचण एवढीच, की स्कीवरची बाइंडिंग — म्हणजे बुटाला धरून ठेवणारी, आणि आपण पडलो की वेळेवर सोडून देणारी कडी — विभाच्या बुटाच्या मापानं पुन्हा बसवायला हवी होती. आता सौदी अरेबियात स्कीवाला शोधायचा! नेटवर शोधलं की आधी पाण्यात पळणाऱ्या जेट-स्कीवाले भेटतात. त्यातल्या एकानं तर फोनवर विचारलं होतं, "मॅडम, इंजिन कितीचं आहे?"

"माझं दुकान आहे," मॉलबाहेर तो माणूस म्हणाला. "अझीझियात. म्हणजे मालक अली, हात माझे. मी पुष्कर."

वातानुकूलित मॉलमधून बाहेर येताच जेद्दाच्या दमट हवेनं तिचा चष्मा धुकटला होता. त्यामुळे तिच्या आयुष्यातला हा महत्त्वाचा माणूस नाव सांगत होता, तेव्हा तिला नीट दिसलाच नाही.

"म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवताय."

"हो."

"आणि मी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"मुळीच ठेवू नका. भोकं पाडून होईपर्यंत कुणावरच ठेवू नये."

अझीझियातलं ते दुकान पुढून सायकलींचं होतं. मागच्या खोलीत गरम मेणाचा वास, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या स्की. अली हा सौदी गृहस्थ एकदा परदेशात बर्फ बघून आला, आणि तेव्हापासून त्याला उन्हाची चीड आली होती. विभाला बघून तो उठून उभा राहिला. "अहलन, दोक्तोरा! बुश्कर, चहा!" अरबीत 'प' नाही, त्यामुळे पुष्करचा बुश्कर झाला होता. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

पुष्करनं स्कीवरून बोटं फिरवली, हलकेच, जणू ती झोपली आहे. "जुनी भोकं नव्या भोकांना फार जवळ येतायत. आज पाडली तर ही उतारावर मोडेल. जुनी बुजवतो, गोंद वाळू दे. पुढच्या आठवड्यात या."

विभा चकित झाली. 'आज नाही' म्हणणारा कारागीर तिला सांगलीतही भेटला नव्हता.

"आता तुमची माहिती," तो म्हणाला. "वजन?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "काय?"

"वजन. त्यावर बाइंडिंगचा स्क्रू बसवतात. कमी सांगितलंत तर स्की धावता-धावता तुम्हाला सोडून जाईल. जास्त सांगितलंत तर सोडणारच नाही — आणि गुडघा जाईल."

"जास्त कोण सांगेल?"

"आजवर कुणी नाही."

विभानं चष्मा पुसला. "छप्पन्न."

हा आकडा सांगलीला तिच्या आईनं, सुधाताईंनी, ठरवलेला होता. येणाऱ्या स्थळांना तोच सांगायचा, लग्नकार्यात तोच, शेजारणींना तोच. विभा वाढत गेली. आकडा मात्र मोठ्या निष्ठेनं जागेवर राहिला.

"वय?"

"...एकोणतीस."

"पन्नासच्या आत काहीही सांगा, स्कीला फरक पडत नाही," तो मान वर न करता म्हणाला. "स्कीइंग येतं का?"

"पडता येतं."

"पडताना घाबरता की चिडता?"

"चिडते."

तो हसला. मग उगाचच बराच वेळ तिच्या बुटाचा तळ मोजत राहिला.

दोन दिवसांनी ताइफला एक रुग्ण आली — अलकावहिनी, गावातल्याच एका मराठी इंजिनिअरची बायको. पित्ताशयाचं ऑपरेशन.

"वजन?" विभानं विचारलं.

"साठ," अलकावहिनी गोड हसून म्हणाल्या. खाटेनं बारीक करकर केली.

"वहिनी! मी तुम्हाला भूल देणार आहे, स्थळ नाही आणलेलं! चुकीचं वजन सांगितलंत तर अर्ध्या ऑपरेशनात जागं व्हायचंय का?"

"अगं बाई!" वहिनी हादरल्या. "अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर!"

आणि विभाही हादरली. आपण रोज ज्या खोट्यावर ओरडतो, तेच आपण शुद्धीत, चहा पीत, कुणी न दटावता बोलून आलो...? पुष्करला फोन करावा म्हणून तिनं हातात घेतला. ठेवला. पुन्हा घेतला. आकडाच तर सांगायचा होता — पण तो आकडा आजवर एकाही परक्या पुरुषानं ऐकलेला नव्हता. रियाधमधल्या बँकवाल्या स्थळाला आईनं कालच पुन्हा छप्पन्न कळवलं होतं. आणि याला... खरं ऐकून याचा चेहरा बदलला तर? बाकीच्यांचा बदलला असता तर तिला काही वाटलं नसतं. गंमत तिथंच होती, आणि ती तिला मुळीच गमतीची वाटत नव्हती.

पुढच्या आठवड्यात ती घाट उतरून जेद्दाला आली. भोकं पाडून झाली होती, कडी बसली होती, देखणी आणि सरळ. पुष्करनं स्क्रूड्रायव्हर उचलला.

"तर... छप्पन्न ना?"

बाहेर अली कुणाशी तरी सायकलच्या घंटीवरून हुज्जत घालत होता. विभा चष्मा पुसू लागली. पुष्करनं तिच्याकडे पाहिलं — क्षणभरच. मग स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात ठेवला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं.

"वजनाच्या ओळीतून सरळ बुटाच्या मापाखाली या. तिथला आकडा इथं, या छोट्या खिडकीत आणायचा. तुम्हीच फिरवा. मी पाठ वळवतो."

आणि तो खरंच दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा.

विभाचं बोट तक्त्यावर आलं. छप्पन्नच्या ओळीवर थांबलं. एक ओळ खाली गेलं... आणखी एक. तिनं स्क्रू फिरवला. छप्पन्नवरच ठेवला असता तरी त्याला कळलं नसतं. कळलं असतं फक्त बर्फाला.

"झालं," ती म्हणाली. मग, आपल्याच आवाजानं दचकत — "वळा. बघा."

तो वळला. खिडकीतला आकडा बघितला, तक्ता बघितला. चेहरा बदलला नाही. फक्त भुवया किंचित वर गेल्या.

"एक विचारू?" तो गंभीरपणे म्हणाला. "हा पूर्ण आहे, की अजून थोडा घरी ठेवलाय?"

"पूर्ण आहे! अडुसष्ट. चप्पल काढून."

ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यानं स्क्रू तपासला, बूट कडीत बसवून पिळून बघितला आणि स्की बाजूला ठेवली.

"आता माझं ऐका. मी आधी बँकेत होतो, सायबर सिक्युरिटीत. सोडली. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, अलीच्या दुकानावर बदलून घेतला. चिपळूणला आईला वाटतं, मी अजून बँकेतच आहे. ती सगळ्यांना तेच सांगते."

विभा सुन्न झाली. बँक सोडून वाळवंटात स्कीचं दुकान! तिच्या अडुसष्टपुढे हे निदान नव्वद तरी भरत होतं.

"का सोडलीत?"

"तिथं काम चांगलं झालं की काहीच घडायचं नाही. इथं..." त्यानं बोटाला चिकटलेलं मेण खरवडलं. "इथं कुणीतरी पडतं, आणि धडधाकट उठतं."

"आईला सांगा," ती म्हणाली. "मी जॉर्जियाहून यायच्या आत."

"नाही सांगितलं तर?"

"तर तुमचं दुकान विश्वासाचं नाही, असं सगळ्या महाराष्ट्र मंडळाला कळवीन."

त्यानं स्की तिच्या हातात दिली. "जपून जा."

जॉर्जियातल्या पहिल्याच उतारावर विभा पडली. पाठीवर, ऐसपैस. आणि बरोबर त्या क्षणी खट्ट झालं, स्की सुटली, गुडघा जागच्या जागी राहिला. तिनं पडल्यापडल्या स्कीचा फोटो पाठवला. 'सुटली.'

उत्तर लगेच आलं. 'म्हणजे बरोबर बसली होती. लागलं का गं? मीही सांगितलं घरी. आई आधी बोलेचना. आज विचारत होती, तिथं बर्फ येतो कुठून.'

बर्फ कानात शिरत होता. विभा त्या 'गं'कडे बघत राहिली. भूल कशी चढते, हे तिला आज पहिल्यांदा आतून कळत होतं.

तशीच आडवी असताना तिनं सांगलीला फोन लावला.

"आई, एक मुलगा आहे."

"बँकेत?"

"होता."

"...होता? आणि आता?"

"स्की दुरुस्त करतो. जेद्दाला."

"वाळवंटात?" सुधाताईंचा आवाज चिरकला. "विभा, तू डोक्यावर पडलीस का?"

"पाठीवर. आई, ऐक ना —"

"काही ऐकायचं नाही! रियाधच्या लोकांना मी शब्द दिलाय, आणि तू..."

"आई, मी त्याला माझं खरं वजन सांगितलं."

सांगलीच्या स्वयंपाकघरात कुकरनं एक शिट्टी दिली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सुधाताई बसल्या असाव्यात.

"खरं म्हणजे... सगळं?"

"सगळं."

"आणि तो?"

"त्यानं स्क्रू तपासला आणि म्हणाला, जपून जा."

दुसरी शिट्टी झाली. गॅस बंद झाला.

"छत्तीस वर्षं संसार केला," सुधाताई हळूच म्हणाल्या. "तुझ्या बाबांना माझं अजून माहीत नाही." मग घसा खाकरून — "त्याच्या आईचा नंबर पाठव."