बदलीचा माणूस

फाल्गुनातल्या एका सकाळी दत्तोबा शेलार लोणावळ्याहून गाडीत बसले आणि कान्ह्याला उतरले. काम साधंच होतं. आंदर मावळात एका गडाखालच्या वस्तीवर जुन्या हस्तलिखिताचं एक बाड होतं, ते बघायचं आणि जमलं तर घेऊन यायचं. खांद्याला रिकामी पिशवी, फडक्यात दोन भाकरी आणि खिशात, ओली केली की शाईसारखी उमटणारी जांभळी कॉपिंग पेन्सिल. बाजाराला निघाल्यासारखेच निघाले होते.

दत्तोबांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली, पण डोक्यात कायम लढाई. चौदा सालच्या युद्धात भरती व्हायला गेले, तर डॉक्टरनं डोळे तपासून उंबऱ्यावरूनच परत धाडलं. तेव्हापासून त्यांनी लढाई कागदावर चालवली. खंडाळ्याच्या बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला की लिलावात लोक पलंग आणि आरसे बघायचे. दत्तोबा वाळवी लागलेल्या पेट्या उघडायचे. तोफखान्याची पुस्तकं, तटबंदीचे नकाशे, खंदक कसा खणावा, पूल कसा उडवावा. रद्दीवाले तर त्यांच्यासाठी असली पुस्तकं बाजूला काढून ठेवत. घरात तांदळाची कणगी ठेवायला जागा उरली नव्हती. गल्लीत त्यांना कागदी सरदार म्हणत. म्हणेनात का! पण घरातली चेष्टा संपली होती, कारण तीच पुस्तकं वाचून त्यांचा एकुलता एक पोरगा खरोखरीच्या लढाईला गेला होता.

सोपान बर्माच्या आघाडीवर होता. तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. मुक्ताबाई नवऱ्याला एकदाच म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकांनी नेला माझा पोर. आता त्यांनाच सांगा, आणून द्या म्हणावं." त्या दिवसापासून दत्तोबांचा पाय एका जागी ठरेना. पोस्टात जा, स्टेशनवर जा, पेपरवाल्याकडे जा, आणि कुठेच जीव लागत नाही म्हणून पुन्हा एखादं पुस्तक शोधायला जा. पुस्तक हाती आलं की आधी त्यावर नाव घालायचं आणि मग वाचायचं, ही त्यांची जुनी रीत. आता ते आपल्याऐवजी सोपानचं नाव घालू लागले. पुस्तकाला धनी आहे म्हटल्यावर धन्याला यावंच लागेल, असलं काहीतरी वेडं त्यांच्या मनात होतं.

बाडाची खबर कान्हूनं दिली होती. हा रेल्वेलायनीवरचा गडी. "आमच्या मेटावर गडाचं बाड हाय, भाऊ," तो म्हणाला होता. "लढाईचंच आसंल. वाचतंय कोन?"

मेट म्हणजे गडाच्या अर्ध्या चढावरची पहारेकऱ्यांची वस्ती. एके काळी तिथे वीस-पंचवीस घरं असतील. दत्तोबा टाकवे गावावरून तंगडतोड करत दुपार कलता पोचले, तेव्हा एकाच घरातून धूर निघत होता. खालच्या खाचरांत राब जाळले होते आणि त्या करपलेल्या पाल्याचा वास वरपर्यंत आला होता. दारात सावित्राबाई नाचणी पाखडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पाठीनं वाकलेली, नजर मात्र तीक्ष्ण.

"मावशी, कान्हूनं बाडाचं सांगितलं..."

"बगा की. पर हितंच बगा. बाड घराभाईर जात न्हाई."

"आत काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

"आमच्यात कुनाला वाचाया येतंय? सासू सांबाळायची, तिच्या मागं मी सांबाळते."

देवांच्या फळीखालच्या पेटीतून तिनं लाल फडक्यात बांधलेलं बाड काढून दिलं. दत्तोबांना मोडी वाचता येत होती. पहिलं पान उलटलं आणि ते तिथंच मांडी घालून बसले. असलं काही साहेबांच्या पेट्यांत कधी मिळालं नव्हतं. कोणत्या बुरुजावर धोंडे किती रचावेत, धुकं असता मशाल कुठे धरावी, शिडी लागल्याचा आवाज कसा ओळखावा. एका पानावर फक्त एवढंच होतं: बदलीचा माणूस येऊन उभा राहिल्याखेरीज कोणी चौकी सोडू नये. शेवटी पहारेकऱ्यांची नावं, एकाखाली एक, सत्तावीस. त्याखाली पान कोरं.

सावित्राबाई घागर घेऊन टाक्यावर पाणी आणायला गेली. दत्तोबांनी रिकाम्या पिशवीकडे बघितलं. म्हातारीला वाचता येत नाही, पेटी ती रोज थोडीच उघडते? चोरी म्हणा, नाहीतर पुस्तकं जमवणाऱ्यांचा रोग म्हणा. त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि सत्ताविसाव्या नावाखाली ठळक लिहिलं: सोपान दत्तोबा शेलार. मग बाड पिशवीत सरकवलं. जिभेवर शाईची कडू चव राहिली होती.

तेवढ्यात ती घागर घेऊन आलीच. ऊन उतरलं होतं. तिनं दिवा लावला, देवाला हात जोडले, आणि आत यायचं सोडून उंबऱ्यावर गडाकडे तोंड करून उभी राहिली.

"मालू बहिरा!" तिनं हाक दिली.

वर कुठेतरी रातवा पक्षी ओरडावा तसं झालं.

"धाकू येसा!"

दत्तोबांच्या ध्यानात आलं, ही नावं तर त्यांनी आत्ताच वाचली होती. म्हातारी तोंडपाठ, त्याच क्रमानं हजेरी घेत होती. प्रत्येक नावानंतर ती थांबायची, कान द्यायची आणि मान हलवायची. पाचव्या-सहाव्या नावाला दत्तोबांनाही ऐकू आलं. वाऱ्यात विरून गेलेलं, लांबचं, पण माणसाचं... "जी..."

 नावं सरकत गेली आणि वरून जी येत राहिलं, कधी या बुरुजावरून, कधी त्या. सत्ताविसावं झालं. सावित्राबाईनं दार लावायला हात घातला आणि तशीच थांबली.

"आज एक जास्तीचा हाय," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"कुनीतरी उबं हाय वर. नाव घेतल्याबिगार ओ देतंय... ऐका."

दत्तोबांनी ऐकलं. बाकीच्यांसारखं जी नव्हतंच ते. लहानपणी शाळेची वेळ झाली तरी अंथरुणातून, मोठेपणी पुस्तकाच्या मागून, सोपान हाकेला जसा ओ द्यायचा, तसाच झोपाळलेला, लांबवलेला ओ होता तो.

"ओ... आबा..."

दत्तोबा उठून दाराकडे धावले. पाय लागून पिशवी कलंडली आणि बाड जमिनीवर आलं. सावित्राबाईनं बाडाकडे बघितलं, मग त्यांच्या जांभळ्या ओठांकडे बघितलं. ती रागावली नाही, त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"कुनाचं नाव घातलंत, भाऊ?"

"माझ्या पोराचं... मावशी, तो गेला का? खरं सांगा. गेला का माझा सोपान?"

"मला न्हाई ठावं. नाव घातलं की यावं लागतं, जित्त्याला बी. पर जित्तं मानूस दोन्हीकडं किती दिस पुरनार?"

"खोडतो. आत्ता खोडतो."

"खोडू नगा!" तिनं त्यांचं मनगट धरलं. "खोडलं तर मानूसच खोडला..."

वरून पुन्हा आवाज आला. या खेपेला ओ नव्हता, नुसता खोकला होता, तापातल्या माणसाचा.  आयुष्यभर त्यांनी हजारो पानं वाचली, वेढे वाचले, माघारी वाचल्या, आणि कामाला आलं ते एकच वाक्य, दुपारी वाचलेलं. त्यांनी बाड उघडलं. पेन्सिल ओली केली. घाईत अक्षर पोरासोरांसारखं आलं. सोपानच्या नावापुढे त्यांनी लिहिलं: बदली, दत्तोबा रामजी शेलार. मग म्हातारीला वाचून दाखवलं.

"पक्कं हाय ना?" तिनं विचारलं. "ही नोकरी सुटत न्हाई."

"पुकारा करा, मावशी."

ती उंबऱ्यावर गेली. "दत्तोबा रामजी शेलार!"

"जी," दत्तोबा म्हणाले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गडाच्या पायऱ्यांवर बूट वाजले. वस्तीवर कुणाच्याच पायात नसतात तसले, खिळे मारलेले लष्करी बूट. एक एक पायरी, दमून, थांबत थांबत उतरत आले. दिव्याची ज्योत हलली नाही. दारासमोर ओल्या चिखलाचा आणि औषधाचा वास आला आणि बूट खाली वाटेला लागले. दत्तोबांनी हाक मारायला तोंड उघडलं, तर सावित्राबाईनं मानेनंच नको म्हटलं. सकाळी, महिनोन् महिने पाऊस न पाहिलेल्या त्या शेणानं सारवलेल्या अंगणात, बुटाचा एक ओला ठसा होता.

सोपानचं नाव न खोडता बाड पेटीत ठेवून दत्तोबा रिकाम्या हातानं घरी आले.

चैत्रात पत्र आलं. सोपान इस्पितळात होता. तापात कितीतरी दिवस शुद्ध नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि एका संध्याकाळी एकदम ताप उतरला. तारीख तीच होती. मुक्ताबाई पत्र उराशी धरून रडल्या आणि मग त्यांनी पुस्तकांच्या खोलीतसुद्धा दिवा लावला. दत्तोबांना इतका आनंद झाला की त्यांनी पोस्टमनला मिठी मारली.

मात्र रोज दिवेलागणीला, हातात काहीही असो, दत्तोबा ताठ उभे राहत आणि उत्तरेकडे तोंड करून म्हणत, "जी."

"कुणाला जी म्हणता हो?" मुक्ताबाई विचारत. "कधी मला म्हणाला नाहीत."

ते हसत. पुढच्या वर्षी कान्हू सांगत आला, म्हातारी गेली. बाड तिच्याजवळच मातीत ठेवलं. आता पुकारा करायला कुणी उरलं नाही.  त्या संध्याकाळीही ते उभे राहिले आणि जी म्हणाले.

लढाई संपली, सोपान घरी आला. वाळला होता, पण धडधाकट होता. मुक्ताबाईंनी दृष्ट काढली. चार दिवस असेच सुखाचे गेले. पाचव्या दिवशी दिवे लागले, दत्तोबा उभे राहिले, जी म्हणाले आणि खाली बसले. सोपान ताटावर होता.

"आई," तो म्हणाला, "ही रोज या वेळेला कोण म्हातारी नावं घेते गं?"

"कुठली म्हातारी?" मुक्ताबाईंनी दाराबाहेर डोकावून बघितलं. "रस्त्यावर चिटपाखरू नाही."

"अशी कशी नाही? सत्तावीस नावं घेते, रोज तीच. मग आबांचं." सोपाननं घास हातातच ठेवून कान टवकारला. "पण आबांचं झालं तरी जात नाही. थांबून राहते... आज तर आणखी एक घेतेय..."

दत्तोबा ताट ओलांडून झेपावले आणि त्यांनी पोराच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली सोपानचे ओठ ओ द्यायला उघडलेले होते. मुक्ताबाई काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिल्या, पण दत्तोबांनी बराच वेळ हात काढला नाही.