घरी न जाणारा गावकरी

जपानातल्या फुकुओकात, रामेन म्हणजे रश्श्यातल्या शेवया विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हिरामात्सुची गेम बनवणारी छोटी कंपनी होती. काम तोक्योच्या बड्या कंपनीचं, खोक्यावर नावही तिचंच. घाम तेवढा यांचा.

दुपारी ओगाताबाईने हाक मारली, "मालक, गावातला एक माणूस घरीच जात नाहीये."

गेममध्ये एक गाव होतं. सूर्य मावळला की गावकरी आपापल्या घरी जात. त्यांचं चालणं-वळणं सगळं कुसानोने लिहिलेलं. तो गेल्या महिन्यात खुर्चीत बसल्या बसल्याच मेला.

पडद्यावर गाव ओस पडलं होतं. चौकात एकच माणूस, कमरेत वाकून उभा.

"हे वाकणं कुणी घातलं?"

"कुणीच नाही. काढून टाकलं, तरी परत वाकतो मेला."

हिरामात्सुने ते वाकणं ओळखलं. मालकाआधी निघायचं तर त्याच्यापुढे वाकून 'तुमच्याआधी निघतो' म्हणायची रीत. शेवटच्या दिवशी कुसानो अंगात ताप घेऊन असाच वाकला होता. आणि हिरामात्सुने मान वर न करता फर्मावलं होतं, "एवढं उरकून जा की."

मागे कोचावर कुसानोची बायको सातोए बसली होती. नवऱ्याला थांबवून घेतलं होतं का, एवढंच विचारायला आलेली. हो म्हटलं असतं तर खटला, आणि कंपनीला टाळं. म्हणून हिरामात्सुने चहा पुढे करत तिला धडधडीत खोटं सांगितलं होतं, "आम्ही जा जा म्हणत होतो हो वहिनी. तोच ऐकेना. कामवेडा!"

सातोए उठून पडद्याजवळ आली.

"हा काहीतरी विचारतोय," ती म्हणाली. "कुणाला?"

ओगाताबाईने नजर जमिनीला लावली. खालून हाडांच्या रश्श्याचा वास येत होता.

पडद्यावर अंधार पडला. माणूस वाकलेलाच. पाठ थरथरत होती, ताप चढल्यासारखी.

"वहिनी," हिरामात्सु म्हणाला. "त्याने विचारलं होतं. मीच सोडलं नाही."

मग तो पडद्याला म्हणाला, "जा रे बाबा. जा घरी."

माणूस ताठ झाला.

वळला.

चालत चालत पडद्याच्या कडेबाहेर गेला. त्या बाजूला गावात एकही घर नव्हतं.

सातोए हिरामात्सुकडे बघत राहिली, थुंकायच्या आधी बघावं तशी. तेवढ्यात तिचा फोन वाजला. घरून लेक बोलत होती. लेकीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आई, बाबा आलेत. दारातच उभे आहेत. बूट काढा म्हटलं तर काढत नाहीत."

"का?"

"म्हणतात, मालकांचा फोन येईल."