काठीवरचा हात

गाव परक्यांच्या ताब्यात गेलं आणि फोटोवाल्याचा धंदा कधी नव्हे तो तेजीत आला. प्रत्येकाला नवं ओळखपत्र हवं होतं. लोक येत, स्टुलावर बसत. "हसू नका" असं कोणाला सांगावं लागत नसे. फोटोवाल्याला या बरकतीची मनापासून लाज वाटे.

त्याचा एकुलता एक मुलगा पोस्टाच्या गच्चीवर लढायला गेला होता. अंगानं दांडगा, म्हणून घरात त्याला ठोंब्याच म्हणत. गच्चीवरच्या पोरांपैकी कोणी परतलं नाही, कोणाचं प्रेतही मिळालं नाही. "मागच्या गल्लीत उडी मारली असेल, नाहीतर पकडला गेला असेल," असं आई म्हणे आणि त्याच्यासाठी सुरू केलेला स्वेटर पुढे विणू लागे. फोटोवाला मान डोलवी. त्यालाही त्याच आशेवर दिवस ढकलायचे होते.

एका सकाळी कॅप्टन आला. वयानं ठोंब्याएवढाच असेल. त्याला पोस्टाच्या गच्चीवर निशाण चढवणाऱ्या सैनिकांचा फोटो हवा होता.

"निशाण तर केव्हाच चढलंय, साहेब."

"उतरवून परत चढवू. गाव घेतलं हे आमच्या घरी फोटो बघूनच कळणार ना?"

फोटोवाल्यानं धीर करून मुलाचं विचारलं.

"फोटो चांगला काढ," कॅप्टन म्हणाला. "कैद्यांच्या छावणीत निरोप धाडतो. बरेच जण आहेत तिथे."

गच्चीची फरशी पाणी मारमारून धुतलेली होती. कठड्याची भोकं मात्र तशीच होती. तीन सैनिकांनी दोन्ही हातांनी काठी धरली. वारा अजिबात नव्हता, म्हणून निशाणाचं टोक काळ्या दोऱ्यानं बाजूला ओढून धरावं लागलं. कॅप्टननं इशारा केला, फोटोवाल्यानं बटण दाबलं.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटलं. सैनिक तीन, पण काठीवर हात सात.

सातवा हात उजवा होता. बाकीच्यांच्या खाली, काठी घट्ट आवळून. मनगटामागे नुसतं आकाश. अंगठ्याला टोक नव्हतं. लहानपणी ठोंब्याचा अंगठा याच स्टुडिओत, फोटो कापायच्या कटरखाली सापडला होता. कॅप्टन फोटो बघायला आला.

"हे काय?" कॅप्टननं त्या हातावर बोट ठेवलं.

"एकाच फिल्मवर दोनदा फोटो निघाला असेल, साहेब. होतं असं कधी कधी."

"काढून टाक. पेपरात जायचाय तो."

निगेटिव्हवर बारीक ब्रशनं शाई लावली, की छापताना तिथे पांढरं आकाश येतं. लोकांच्या लग्नाच्या फोटोंतून नको असलेले पाहुणे त्यानं असेच कितीतरी वेळा उडवले होते. आज मात्र त्यानं ब्रश दोनदा परत खाली ठेवला. पण मुलाचा पत्ता लागत असेल, तर शाईच्या एका ठिपक्याचं काय एवढं? त्यानं हात झाकून टाकला.

घरी भिंतीवर आई, बाप आणि ठोंब्या अशा तिघांचा फोटो होता. त्यात ठोंब्याची उजवी बाही रिकामी दिसत होती. ओल लागली असेल. फोटो नीट धुतला नसला की असाच उडतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

कॅप्टनच्या वरिष्ठांना निशाण पुरेसं फडकलेलं वाटलं नाही. परत तीच गच्ची, तेच सैनिक, तोच दोरा.

या वेळी कागदावर अख्खा ठोंब्या आला. सैनिकांच्या मागे उभा, दोन्ही हातांनी काठी कवटाळून, सरळ बापाकडे बघत.

फोटो पाहून सैनिकांनी माना फिरवल्या. कॅप्टननं फोटो उजेडाकडे धरला.

"ओळखतोस याला?"

हो म्हटलं, तर पोरगा गच्चीवरच गेला हे कबूल केल्यासारखं; मग छावणीची आशाच संपली.

"नाही, साहेब."

"मग काढ. दुपारी छावणीचं उत्तर येतंय."

त्यानं शाई घेतली. आधी पाय, मग छाती. डोळ्यांवर ब्रश टेकवताना तो हुंदके देत होता.

उत्तर आलं. "या नावाचा कोणी नाही," कॅप्टन खालच्या आवाजात म्हणाला. "छावणीत नाही. तुमच्या गावच्या शाळेच्या पटावरही नाव नाही म्हणतात. असा मुलगा कधी नव्हताच."

फोटोवाला धावतच घरी गेला.

भिंतीवर नवराबायकोचा फोटो होता. दोघांच्या मध्ये बरीच जागा. फोटोतल्या त्याचा हात अधांतरी, कोणाच्या तरी खांद्यावर टेकवल्यासारखा.

बायको खिडकीशी बसून स्वेटर उसवत होती.

"अगं, हे काय करतेस?"

"अहो, कोणाच्या मापाचा विणत होते कोण जाणे. तुम्हाला तर ढगळ होईल."

"ठोंब्याचा आहे तो!"

तिनं वर पाहिलं. "कोण हो ठोंब्या?"

सांगायला त्यानं तोंड उघडलं.

खिडकीतून पोस्टाची गच्ची दिसत होती. वारा नव्हता. निशाण ताठ फडकत होतं.

"कोण?" तिनं परत विचारलं.

"सांगतो," तो म्हणाला, आणि आठवू लागला.

लोकर गुंडाळायला तिनं त्याचे दोन्ही हात पुढे ओढून घेतले.

"आणि ही शाई कसली लागलीय?"

त्याला तेही सांगता येईना.