तिसऱ्या सळईचे आकडे

रविवारची दुपार होती. तळघरातल्या प्रयोगशाळेत मी फक्त संगणकावरचे आकडे घ्यायला गेले होते. तिथलं यंत्र पोलादाची सळई तुटेपर्यंत लाखो वेळा वाकवायचं. माझी पीएचडी त्यावरच होती. हे पोलाद पुढे पुलांना लागणार होतं. दोन सळया छान टिकल्या. तिसरी निम्म्यातच तुटली.

"तिसरीचे आकडे पुसून टाक," माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. "सोमवारी प्रबंध दे आणि मोकळी हो. तुझ्या आधीचा दादा असले हट्ट करायचा नाही."

तो दादा म्हणजे सरांचा आधीचा विद्यार्थी, याच यंत्रावर काम करायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी इथेच टेबलावर डोकं टेकलेला सापडला. गेलेला.

यंत्राची वीज मी स्वतः बंद केली. संगणकाची लाइन वेगळी होती. खुर्चीत बसले, तोच जळक्या तेलाचा वास आला... आणि पाठीमागे आवाज. ठक... ठक... ठक...

वळून पाहिलं. बटण बंदच होतं. सळई नसलेला रिकामा जबडा संथपणे हलत होता.

कानाशी कुणीतरी कुजबुजलं, "पूस... मीही पुसले होते."

मी पुटपुटले, "दादा...?"

"पूस. सुटशील..."

"तू सुटलास?"

माउसवरच्या माझ्या बोटावर काहीतरी थंडगार टेकलं आणि हळूहळू दाबू लागलं. तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. हात हिसडून घेतला आणि ओरडले, "नाही पुसणार! सर सांगोत नाहीतर तू सांग. त्या पुलांवरून माणसं जाणार आहेत!"

ठोके एकदम वाढले, सैरभैर झाले. मग थांबले.

सोमवारी सगळे आकडे सरांपुढे ठेवले.

"पदवीवर पाणी सोडावं लागेल," ते म्हणाले.

"सोडते."

मार्गदर्शक बदलला, तीन वर्षं जास्त गेली. पण पदवी मिळाली, तिसऱ्या सळईसकट.

त्या दुपारचे ठोके संगणकात उतरले होते. यंत्र चालायचं सेकंदाला वीस ठोक्यांनी. हे होते मिनिटाला बहात्तर, माणसाच्या काळजासारखे. मी ओरडले तिथून एकशेसाठ. तो आलेखही मी प्रबंधाला जोडला.

"हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"माहीत नाही," म्हटलं. "पण झालंय ते असं."

गेल्या वर्षी ते यंत्र भंगारात गेलं. संगणकातली त्या ठोक्यांची फाइल मात्र अजून लांबत चालली आहे, मिनिटाला बहात्तर ठोक्यांनी.